नवसाचा हात

झेनिल्दा फेइतोझाशी हात मिळवायचा म्हणजे पंचाईतच. सोडायचीच नाही! उलटा करून उजेडाकडे धरणार, नखं निरखणार आणि विचारणार, "कोपरावर, डोक्यात खवले निघतात का हो?" बाजारात टोमॅटो विकणारीलाही तिनं सोडलं नव्हतं. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहराच्या इस्पितळात ती सोरायसिसवर संशोधन करायची. तिचं म्हणणं एकच. हा रोग आधी कातडीवर येतो, मग कितीतरी जणांच्या सांध्यांत शिरतो, आणि त्याआधी बऱ्याचदा नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पाडून जातो. तेवढ्यात पकडला तर बोटं वाचतात. उशीर झाला की गेली.

हे वेड लागलं आईमुळे. आईची, म्हणजे दोना ओझेलियाची, बोटं अशी आखडली होती की कॉफीचा पेला ती दोन मनगटांत दाबून धरायची. चट्टे बघून गावच्या बायका कुष्ठरोग समजायच्या, देवळात शेजारी बसू द्यायच्या नाहीत. मेल्यांना लाज कशी ती नव्हती. आई गेली तेव्हा झेनिल्दानं ती बोटं जपमाळेभोवती वळवून बघितली. वळली नाहीत.

झेनिल्दाची स्वतःची नखं मात्र कायम गडद लाल. एक थर निघायच्या आत वर दुसरा. "डॉक्टरीण भारी नटवी," लोक म्हणायचे. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी तिचं मधलं बोट वळत नव्हतं, जरा सुजलंही होतं. लिहून लिहून झालंय, असं ती म्हणे. हेच एखाद्या पेशंटनं म्हटलं असतं, तर तिनं त्याची सालटी काढली असती.

संत फ्रान्सिस्कोच्या जत्रेला ती गावी आली आणि भर दुपारी नवसखोलीत शिरली. आमच्याकडे दुखणं बरं झालं की त्या अवयवाचा लाकडी नमुना तिथे आणून टांगतात. डोकी, पाय, हात. खोलीत माणूस एकही नव्हता. वारा तर अजिबातच नव्हता, तरी छताला टांगलेले हात एकमेकांवर खटखट वाजत होते.

त्यांत एक नवा होता, ताज्या लाकडाचा. मधलं बोट मुळापासून शेंड्यापर्यंत फुगलेलं. नखांवर बारीक खड्डे. झेनिल्दानं सवयीनं तो उजेडाकडे वळवला, आणि अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग तिला दिसला. तिच्या अंगठ्याखाली तस्साच होता, लहानपणी गुळाच्या कढईला चिकटून झालेला.

हात काढून घेऊन ती तडक दारातल्या तिबूर्सियो काकांकडे गेली. असे नमुने कोरायचं काम त्यांचंच.

"काका, हा कुणाचा?"

"का गं? काही चुकलं का?"

"कुणी करून घेतला, ते सांगा."

"एक बाई आली होती. डोक्यावरून काळा रुमाल, तोंड काही दिसेना. म्हणाली, माझ्या लेकीचा हात. एकेक खड्डा सांगत होती, तो डागसुद्धा. मी विचारलं, बरी झाली का लेक? तर म्हणते, झाली, नवस फेडायलाच आलेय."

"नाव काय तिचं?"

"नवसाला आलेल्या माणसाला नाव विचारतात होय? शहरात जाऊन हेच शिकलीस!" मग काकांचा आवाज उतरला. "एक मात्र विचित्रच वाटलं बघ. हात घ्यायला तिनं बोटं पुढे केलीच नाहीत. दोन मनगटांत दाबून उचलला, आणि गेली."

भर उन्हात झेनिल्दाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं काकांच्या डब्यातलं रंगाचं थिनर चिंधीवर घेतलं आणि नखावर घासलं. लाल रंग सुटत गेला. खाली खड्डे होते. लाकडी हात तिनं आपल्या हाताशेजारी धरला. खड्ड्याला खड्डा जुळत होता. त्या काळ्या रुमालापेक्षाही तिला स्वतःच्या नखांची जास्त भीती वाटली.

"अगं वेडे, रडतेस काय? पोरगी बरी झाली म्हणाली ना ती!"

तिनं डोळे पुसले आणि इस्पितळात सोबतच्या डॉक्टर इव्होनेतीला फोन लावला. "सोमवारी एक पेशंट घे. उशिरा आलीय, हट्टी आहे, आणि सगळं माहीत असून लपवत होती. ऐकून घेऊ नकोस तिचं. औषध लगेच सुरू कर."

"देवा! कोण गं ही बया?"

झेनिल्दानं आपलं नाव सांगितलं. मग आत जाऊन तो हात होता तिथेच टांगला. आईनं नवस तर फेडून टाकला होता. आता बरं व्हायचं तेवढं बाकी होतं.