आरशाचं तळं

टीचरअक्कांना राग आला की त्यांचा आवाज आणखी मऊ होई. चेन्नईत अड्यारला मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पण ऑफिसात इंग्रजी बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्याला पुढे करी. शाळेतून निवृत्त झालेल्या अक्का मला रोज संध्याकाळी समोर बसवत. "आधी बोल रे, मग सावकाश घाबर," म्हणत. आज चारचौघांत उभा राहतो, तो त्यांच्यामुळे.

अक्का तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ. नवरात्रात त्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडून गोलू सजवत. पायथ्याशी दर वर्षी तोच देखावा: आरशाचं तळं, मोहरी पेरून उगवलेली बाग आणि पुठ्ठ्याचा बंगला, लाल खांब, गच्चीवर मोर. चेन्नईबाहेरचं त्यांच्या आजोबांचं घर.

"आता कोण असतं तिथे?" मी विचारलं होतं.

"पडलं ते. काही उरलं नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

"भावांनी सांगितलं. मग पाहायचं काय?"

पुढे ऑफिसची सहल तळ्याकाठच्या एका जुन्या बंगल्यावर गेली. आता तिथे रिसॉर्ट झालंय. फाटकातून आत शिरलो आणि थबकलो. लाल खांब. वर दगडी मोर.

घरी येऊन सांगितलं. अक्कांनी खांबांचा रंग आणि मोराची जागा दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "शरी, बरं. रविवारी जाऊ."

त्या रविवारी त्या आपल्याच बागेत तिकीट काढून शिरल्या. एका खांबावर तळहात टेकून उभ्या राहिल्या. गाइड पाहुण्यांना सांगत होता, "वारस दोघंच. दोन भाऊ. त्यांनीच विकला."

"आणि बहीण?" मी विचारलं.

"बहीण नव्हती, सर."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी माझा दंड धरला. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "घर पडलं असतं तर बरं होतं रे. भाऊ तरी राहिले असते."

त्या नवरात्रात बाहुल्या मांडल्या, पण मोहरी पेरली नाही. रिवाजाप्रमाणे दोघे भाऊ सहकुटुंब आले. धाकटा पायथ्याशी वाकून पाहू लागला.

"अक्का, यंदा बंगला कुठंय गं?"

अक्कांनी सुंडलाचा, प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोण त्याच्या हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या,

"पडला की रे. काही उरलं नाही."