अठ्ठेचाळीसच्या स्पीडची सीडी

गुरुवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी रामकिसन थोरात एका प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद चिमट्याने ओढत होते. पैठण गेटजवळच्या त्यांच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाला चोवीस वर्षं झाली. रस्त्यापलीकडच्या रूपाली गवांदेच्या दुकानाला दोन. तिच्या दारात गिऱ्हाईक थांबलं की रामकिसन इकडे मनातल्या मनात आकडा धरायचे. आज दुकान उघडल्यापासून वीस मिनिटांत तिकडे पाच झाले होते. इकडे हा प्रिंटर, तोही कालचा.

रूपाली रस्ता ओलांडून आत आली.

"काका, मशीन उठवायची एक बूटेबल सीडी करून देता का? विंडोज एक्सपीची. माझ्याकडं सीडी लिहायचा रायटरच नाय."

"आता पेनड्राइव्हचा जमाना आहे म्हणत होतीस ना?"

"दोन लावून बघितले. मशीन लई जुनं आहे, पेनड्राइव्हला ओळख पण देत नाय. सीडीवरूनच उठंल." तिने मोबाइलवर फोटो दाखवला.

पिवळट पडलेल्या कॅबिनेटवर रामकिसनच्या दुकानाचं स्टिकर होतं, कडा उडालेलं. हे मशीन चितेगावच्या काकासाहेबांच्या वजनकाट्यावरचं. दोन हजार चार साली रामकिसननीच बसवलं, तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आता त्यांच्या स्टिकरखाली रूपालीचं नवं, चकचकीत स्टिकर होतं. काकासाहेबांनी त्यांना फोनसुद्धा केला नव्हता.

"घाई आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"गाड्या उभ्या आहेत तिथं. वजन होईना म्हणून काही बिडकीनच्या काट्यावर गेल्या."

रामकिसन रायटरपाशी बसले. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर एक पुठ्ठा लटकत होता, त्यांनीच लिहिलेला: जुन्या ड्राइव्हला आठच्या वर स्पीड नको. सीडी सावकाश लिहिली की तिच्यावरच्या खुणा ठसठशीत उमटतात. घाईने लिहिली की फिक्या पडतात. नवा ड्राइव्ह फिक्याही वाचतो, थकलेला वाचत नाही. काकासाहेबांचा ड्राइव्ह किती थकलाय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी स्पीड अठ्ठेचाळीसवर नेला. हिला आज गावाच्या देखत हात हलवत परत येऊ दे. मग काकासाहेबांचा फोन येईल, तो आपल्यालाच.

तीन मिनिटांच्या आत ट्रे बाहेर आला. रामकिसननी मार्कर उचलला, चोवीस वर्षांच्या सवयीने सीडीवर तारीख घातली, खाली स्पीड लिहिला आणि ती रूपालीच्या हातात ठेवली. ती पायऱ्या उतरून गेली, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. काकासाहेबच होते.

"काय रामकिसनराव, तुमच्या हातची सीडी अन् चालंना व्हय? पोरगी मला म्हणली, काकांनी दिलीय, डोळं झाकून घाला. आता इथं डायवर लोक मला हसायलेत."

रूपाली आपलं नाव सांगेल, हे रामकिसनच्या हिशेबात नव्हतं. फोन रूपालीने घेतला.

"काका, हिच्यावर अठ्ठेचाळीस लिहिलंय."

सीडीवर काय लिहिलं होतं, ते त्यांना तेव्हा आठवलं.

"घाईत स्पीड बदलायचा राहिला," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठं घाई होती? मला होती." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी काकासाहेबांना सांगते, सीडी वाटेत घासली. तुम्ही दुसरी घेऊन या."

त्यांना राग आला. तिने सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं, ओरडली असती, तर भांडता आलं असतं. त्यांनी कोरी सीडी घातली, स्पीड आठवर ठेवला आणि नऊ मिनिटं खुर्चीवरून हलले नाहीत. तारीख आणि आठ लिहून शटर ओढलं.

चितेगावला पोचायला स्कूटरवर पाऊण तास लागला. काट्याबाहेर कापसाच्या सात गाड्या होत्या. सीडी आत गेली, ड्राइव्ह दोनदा कुरकुरला आणि विंडोज चढवायचा निळा पडदा उमटला. रूपाली खाली वाकून कळा दाबत होती. अडीच वाजता पहिल्या गाडीचं वजन पडलं.

"आता हे सगळं हिला शिकवून टाका," काकासाहेब चहाचा कप पुढे करत म्हणाले. "तुम्हाला एवढ्या लांब यायचा तरास कशाला?"

चहा गोड होता. रामकिसननी तो संपवला.

"सकाळी फोन का नाही केला मला?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"केला की सात वाजता, दोनदा. तुमचा बंद. हिनं उचलला."

रामकिसनचा मोबाइल दहापर्यंत बंद असतो. बायकोला सकाळी दुकानाची कटकट नको असते. बाहेर आल्यावर रूपाली म्हणाली, "काका, उद्या येऊ का? तुमच्या रायटरवर असल्या चार सीड्या करून ठेवते. आठच्या स्पीडनं."

"साडेदहाला उघडतो," ते म्हणाले. नाही म्हणायचं होतं.

उद्या शुक्रवार. वजनकाटा आठ वाजता सुरू होतो. रामकिसनचा मोबाइल आज रात्री चालूच आहे, आणि त्यावर पहिल्यांदाच सकाळी साडेसहाचा गजर लावलेला आहे.