फुकट सॉफ्टवेअर सुचवणाऱ्यांनो, आधी स्वतः वापरा

ग्रुपमधल्या जाणकारांनो, आज तुमच्यावर लई राग आहे.

माझे अब्बा जुन्नरच्या बाजारात शिंपीकाम करायचे. दोन वर्षांपूर्वी लकवा झाल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची मूठ मिटत नाही. मनगटाने दाबली तरी कात्री चालेल, अशी दोन दांड्यांची पकड मी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर बनवतेय. तीनदा छापली, तिन्ही वेळा अडकली. म्हणून इथं विचारलं होतं, की छापायच्या आधी भाग हलवून बघता येतील असं फुकट सॉफ्टवेअर कोणतं?

एका भाऊंनी छातीठोकपणे नाव सांगितलं. आज सकाळी मी सगळं डिझाइन त्यात नव्याने काढलं. दांडी हलवायचं बटण दाबलं, तर त्याला कुलूप! तेवढ्यासाठी पैसे भरा म्हणे.

मी भाऊंना फोन लावला. ते हसत म्हणाले, "मी कुठं वापरलंय ताई? व्हिडिओत बघितलं व्हतं."

हसत!

शेवटी ग्रुपमधल्याच, ओतूरला कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी त्या स्वतः वापरतात ते सांगितलं. ते खरंच फुकट निघालं. दांडी कुठं आदळते ते पडद्यावर लगेच दिसलं.

दुपारी नवी पकड छापली. अब्बांनी कापड कापलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वाकडं गेलंय. ढिली आहे ही, परत कर."

दोन वर्षांनी ते पुन्हा शिंप्यासारखे कापडावरून चिडले. मला रडूच आलं.

न वापरलेल्या गोष्टीचा सल्ला देताना, समोरच्याचं काय अडलंय हे तुम्ही एकदा तरी विचारता का?