वरच्या खोलीतली रेंज

दामोदररावांची सगळी नोकरी म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात, मेंटेनन्सला गेली. मोटार जळो, पंप हवा धरो, ते मशीनपाशी उकिडवे बसायचे, कान लावायचे आणि दुखणं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायचे. म्हैसूरच्या राजाच्या घोडदळातल्या मराठी शिपायाचं घराणं. हात चालवल्याशिवाय बसायची सवयच नव्हती. पण निवृत्त होऊन घरी बसले आणि स्वतःच्या मुलापुढं त्यांनी हात टेकले.

मुलगा गगन बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनीनं एका सकाळी पुष्कळांना एकदम घरी पाठवलं, त्यात तोही गेला. म्हैसूरला परत आला तेव्हा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपवर मुलाखती द्यायचा. मग दाढी राहिली. मग शर्ट राहिला. दसऱ्यात सगळं गाव रोषणाई बघायला रस्त्यावर लोटलं, तेव्हा हा गच्चीवरच्या खोलीत दार लावून बसला, तो तसाच राहिला. त्याची आई, वनजाबाई, ताट वर नेऊन दाराशी ठेवायच्या आणि अर्धं उष्टं परत आणायच्या. एकदा दामोदररावांनी ओळखीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर दाराबाहेर उभे राहून गोड बोलले, कन्नडमध्ये बोलले, इंग्रजीत बोलले. आतून कडी निघाली नाही. नातेवाइकांना ही दोघं सांगायची, ‘घरूनच काम करतो हो, मान वर करायला वेळ नाही.’

या सगळ्यात एकच गोष्ट बरी होती. इंटरनेटचा राउटर खाली हॉलमध्ये होता आणि वरच्या खोलीत त्याची रेंज पोचत नसे. त्यामुळं संध्याकाळी गगन लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वळणावर येऊन बसायचा. तिथं त्याचं पान लवकर उघडायचं. वनजाबाईंचा सगळा दिवस त्या वेळेकडे डोळे लावून जायचा. त्या कॉफी नेऊन पायरीवर ठेवायच्या.

“दोसा घालू रे, गरम?”

“बेड.” नको म्हणायला त्याला तेवढा एक कन्नड शब्द पुरायचा.

पण तो दिसायचा. केस किती वाढलेत, डोळ्याखाली किती काळं झालंय, हे समजायचं. क्वचित पडद्यावरचं काही बघून तो नाकातल्या नाकात हसायचा, तेव्हा वनजाबाई स्वयंपाकघरात हातातली पळी तशीच धरून उभ्या राहायच्या.

अशाच एका संध्याकाळी गगन मान वर करून म्हणाला, “अप्पा, वर रेंज येत नाही. काही करता येईल काय?”

कित्येक महिन्यांनी पोरानं काहीतरी मागितलं होतं. दामोदररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “करतो की! आयतु, झालंच समज, उद्याच करतो,” ते म्हणाले, आणि त्या आनंदात त्यांना जेवणही धड गेलं नाही.

शेजारी हरिहर राहायचे, पुण्याहून नोकरीसाठी इकडं येऊन स्थायिक झालेले. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळायचं. ते येऊन बघून गेले.

“काका, राउटर टीव्हीच्या मागे, जमिनीलगत, शिवाय शेजारी लोखंडी कपाट. सिग्नल जाणार कुठून? आधी तो उंचावर मोकळ्यात घ्या. तरी मधल्या स्लॅबमधल्या सळया त्रास देणारच.”

दामोदररावांनी त्याच दुपारी कपाटापासून दूर, भिंतीवर फळी ठोकली आणि राउटर वर चढवला. वर थोडा फरक पडला, पण थोडाच. मग ते देवराज अर्स रोडवरून एक रिपीटर घेऊन आले आणि थेट गगनच्या दाराबाहेरच्या प्लगमध्ये खोचला. दिवा हिरवा लागला, पण इंटरनेट पहिल्यासारखंच रडत राहिलं. हरिहर हसले. “काका, हा ऐकून पुढं सांगणारा माणूस आहे. त्यालाच नीट ऐकू आलं नाही, तर पुढं काय सांगणार? त्याला अर्ध्या वाटेवर ठेवा.” तो जिन्याच्या वळणावर आणला. वर रेंज दिसायला लागली, पण मध्येच तुटायची.

“खरं म्हणजे केबलच वर न्या,” हरिहर शेवटी म्हणाले. “वरच्या टोकाला दुसरा राउटर लावा. मग बघायलाच नको.”

केबल ओढणं हे दामोदररावांच्या हातातलं काम. जुना ड्रिल काढला, स्लॅबच्या कडेला भोक पाडलं, पाइप बसवला. खालून केबल सरकवताना ती वळणात अडायला लागली. वर कुणीतरी ओढणारं हवं होतं. त्यांनी जिन्यातून हाक मारली, “गगन, टोक दिसतंय काय बघ रे!”

मग कडी वाजली. वर अनवाणी पावलं ऐकू आली.

“दिसतंय.”

“धर. मी ढकलतो, तू ओढ. सावकाश, हं!”

केबलला ओढ बसली. दामोदररावांच्या हातातून ती सरसर वर जायला लागली. मध्ये अडली की ते थांबायचे आणि वरून हलका हिसका यायचा. त्या तारेतून पोराच्या हाताचा जोर त्यांना कळत होता. असं दोघांनी मिळून काम गगन शाळेत असताना केलं होतं, त्यानंतर नाहीच.

“आली अप्पा! साकु, पुरे!” वरून आवाज आला. आवाजात चक्क उत्साह होता.

दामोदररावांनी खाली धुळीतच बसकण मारली आणि धोतराच्या टोकानं डोळे पुसले. वनजाबाईंनी त्या दिवशी शिरा केला. गगननं केबलचं टोक आपल्या खोलीत घेतलं, तिथं दुसरा राउटर लागला आणि रेंज भरभरून आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वनजाबाई कॉफी घेऊन जिन्यात गेल्या. वळणावर कुणी नव्हतं. त्या वर जाऊन पेला दाराशी ठेवून आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला तसं नवराबायकोच्या ध्यानात आलं. गगनला आता खाली यायचं काही कारणच उरलं नव्हतं. जेवणाचंसुद्धा तो मोबाइलवर लिहून कळवायला लागला: ‘ऊट नको,’ म्हणजे जेवण नको. ‘फक्त ताक.’

“तुम्हीच केलंत हे,” वनजाबाई एकदा म्हणाल्या. रागानं नव्हे, बोलण्यात काही त्राण नसल्यासारख्या.

“त्यानं मागितलं, वनजा. इतक्या दिवसांनी मागितलं. नाही कसं म्हणू?”

पुढच्या मंगळवारी, दिवेलागणीला, वनजाबाईंनी हॉलमधल्या राउटरचा प्लग काढला आणि जिन्याकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. दामोदरराव बघत होते, त्यांनी अडवलं नाही. टीव्ही बंद, पंखा बंद. दोघंही आवाजाची वाट बघत बसली.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. गगन खाली आला. दाढी छातीपर्यंत, टी-शर्ट खांद्यावरून लोंबत होता. त्यानं आधी राउटरकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या प्लगकडे, मग आईकडे.

“का काढला?”

“तुला बघायला, कंदा,” वनजाबाई म्हणाल्या. बाळ म्हणायचा तो कन्नड शब्द त्याच्या लहानपणानंतर त्यांच्या तोंडात आला नव्हता.

गगन हलकेच म्हणाला, “बघितलं ना?” त्यानं वाकून प्लग लावला, दिवे पेटेपर्यंत थांबला आणि पाय न वाजवता वर निघून गेला.

त्यानंतर वनजाबाईंनी प्लगला हात लावला नाही. त्या बन्नूरला बहिणीकडे चार दिवस जाऊन आल्या, बेट्टदपुरच्या डोंगरावर नवस बोलून आल्या. दामोदररावांनी फोनवरून मनाचे उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लावला. वरची रेंज आता चांगली होती, एवढा तरी उपयोग होईल असं त्यांना वाटलं. गगन तयार झाला. दामोदरराव जिन्यात उभे राहून ऐकत होते. बाई प्रश्न विचारत होत्या, गगन ‘हो’, ‘नाही’ म्हणत होता. आई-वडिलांविषयी विचारलं तेव्हा त्यानं फोन ठेवला. परत त्यानं त्या नंबरचा फोन उचलला नाही.

जूनमध्ये एका दुपारी विजा कडाडल्या. वरचा राउटर जळाला, खालचा वाचला. दामोदररावांनी बायकोला सांगितलं आणि दोघांच्याही मनात एकच विचार आला. वनजाबाईंनी वळणावरची पायरी पुसून घेतली.

त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला दारात खोकं घेऊन उभा राहिला. गगननं मोबाइलवरून स्वतःच नवा राउटर मागवला होता.

दामोदरराव खोकं घेऊन वर गेले. “गगन, मी बसवून देऊ? पटकन होईल.”

“नको अप्पा. मी लावतो.”

दार वीतभर उघडलं. आत अंधार होता. एक हात बाहेर आला आणि खोकं घेऊन आत गेला. कडी लागली.

दामोदरराव खाली आले. वनजाबाई जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभ्या होत्या.

“दिसला?”

“हात दिसला.”

“कसा आहे?”

“बारीक झालाय गं. मनगट पार बारीक झालंय. नखं वाढलीत.”

वनजाबाईंनी मान हलवली. त्या आत गेल्या, कढईखालचा गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तिथंच बसल्या. वर, नव्या राउटरचं खोकं उघडल्याचा, थर्माकोल मोडल्याचा आवाज येत राहिला.