गिरोलीचा घाट, दोनदा

सोमवारी सुट्टी होती. सकाळी साडेसहाला मी भाच्याची गिअरची सायकल घेऊन गिरोलीच्या घाटाच्या पायथ्याशी उभी होते... वय वर्षं एक्कावन्न, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झालेले.

आधी थोडं मागचं सांगते. गेल्या वर्षी कोल्हापुरात आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात पडले आणि तेव्हापासून मी सगळ्यांच्या हातात गेले. जिना आला की ह्यांचा हात, रिक्षा आली की रिक्षावाल्याचा, शाळेत तर नववीच्या पोरी दोन्हीकडून धरायच्या. प्रेमच ते, पण जीव नकोसा व्हायचा हो...

फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या सायकल चालवा. मग माहेरी कोडोलीला गेले की भाच्याची सायकल काढायला लागले, तो पुण्यात असतो. आणि मनाशी एक ठरवलं... मागच्या बाजूनं जोतिबाला चढणारा हा घाट एकदा तरी पाय न टेकता, कुणाचा हात न घेता चढायचा. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा शेवटच्या खड्या वळणावर उतरले.

रविवार जोतिबाचा, त्यामुळे तेव्हा इकडं गाड्याच गाड्या. सोमवारी मात्र रस्ता माझ्या एकटीचा. खाली हायवेकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि इथं साधा हॉर्नसुद्धा नाही.

उसाच्या या मुलखात घाटाखाली कुणीतरी हौसेनं द्राक्षाची बाग लावलीय. मांडवाखाली घड लटकलेले, त्यातून पाखरांचा नुसता कालवा. वर डोंगर कापून रस्ता काढलाय तिथं काळ्या दगडाचे थर दिसतात, भाकरीवर भाकरी रचल्यासारखे. भूगोल शिकवताना वीस वर्षं फळ्यावर लाव्हारसाचे थर काढले, पण त्यांच्या शेजारून घाम गाळत जाण्यात वेगळीच मजा आहे.

चढत गेले... एक वळण, दुसरं वळण. गुडघा गप्प होता. शेवटचं खडं वळण आलं, सायकल डुगडुगायला लागली, पण मी पॅडल मारतच होते. आणि तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला.

दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन, डोक्याला मफलर. “अवो ताई, चार्जिंग संपलं काय? थांबा, पाय लावतो!” गिअरची सायकल त्यांना बॅटरीवरची वाटली असावी. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. कुणाची गाडी बंद पडली की मागचा माणूस आपल्या गाडीवरूनच तिला एक पाय लावतो आणि ढकलत नेतो.

नको म्हणायला माझ्याकडे श्वास नव्हता. त्या भल्या माणसानं मला वळणावरून थेट माथ्यापर्यंत ढकलत नेलं. “पोचवलं बघा!” म्हणाला आणि वरच्या वस्तीवरचं दूध गोळा करायला निघूनही गेला.

मी वर उभी. खाली सगळं कोडोली, धुकं, कोवळं ऊन... सेल्फी काढला. फॅमिली ग्रुपवर ‘केला घाट!’ असं टाईप केलं आणि बोट तिथंच थांबलं.

कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. पण मला कळलं होतं ना... असली चिडले स्वतःवर! मेसेज पुसला, पाणी प्यायले आणि सायकल वळवून सरळ पायथ्याला गेले, त्या द्राक्षबागेपर्यंत.

पुन्हा चढ. आता पाय शिशाचे झालेले. मी शेवटच्या वळणापाशी पोचते तोच समोरून दूधवाले दादा भरलेले कॅन घेऊन उतरत होते... मला बघून त्यांनी कचकन ब्रेक मारला.

“अवो, तुमाला वर सोडलं नव्हतं काय मी? परत खाली कशा काय?” गाडी स्टँडला लावून ते धावतच आले. मी कशीबशी ओरडले, “हात लावू नका! मला... माझं... चढायचंय!”

ते जागीच थांबले. मग त्यांनी दोन्ही हात मागं घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. “ह्ये बघा, हात बांधले. आता तुमी आणि घाट! पर उतरायचं न्हाय हां, सांगून ठेवतो!”

मदत केल्याशिवाय राहवत नाही अशा माणसाला नुसतं उभं राहणं किती जड जात होतं ते दिसत होतं. मी डुगडुगले की त्यांचे खांदे पुढे यायचे, हात मात्र सुटले नाहीत. “चांगभलं ताई, चांगभलं! मारा की जोर!” असं सगळा डोंगर ऐकेल इतक्या मोठ्यानं ओरडत होते.

वळण सुटलं... मागं वळून बघायची सोय नव्हती. त्यांनाही दूध पोचवायचं होतं, खाली जाणाऱ्या गाडीचा आवाज तेवढा ऐकू आला. उरलेला चढ मी एकटीनं ओढला, माथ्यावर पोचले, आणि कोण बघतंय याची पर्वा न करता बोंबलले... “चांगभलं!!!” मग हमसून रडले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी कोल्हापुरात परतले, तर हे बिल्डिंगच्या गेटपाशी हजर. सवयीनं हात पुढे केला. मी तो धरला आणि तसाच धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत पुढे पुढे चढत गेले... “अगं, जरा दमानं की!” मागून धापा टाकत आवाज.

एकच चुटपुट आहे. त्या दादांचं नाव विचारायचं राहिलं, आणि पुढं काय झालं ते त्यांना माहीतच नाही. गिरोलीकडचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना एवढं सांगा... ताई पोचल्या, पाय टेकला न्हाय.