उजव्या कानातला आवाज

परवा इथे एका मेंबरने विचारलं होतं — "स्पेस फ्लाइटचा गेम नवीनच सुरू केलाय, बिगिनरसाठी टिप्स द्या." मी लगेच टाइप करायला बसलो. तीन-चार ओळी झाल्या आणि हात थांबला. कारण त्या टिप्स माझ्या नव्हेत... आणि ज्याने मला दिल्या तो कोण, ते मला आजही माहीत नाही.

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी मी चेष्टेवारी नेणारा माणूस. कोकणात गावी देवचाराच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो.

आम्ही काळाचौकीला राहतो, रिडेव्हलपमेंटच्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. मी, बायको स्मिता आणि आई. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने घरी बसलो. पायाला ब्रेस, हाताशी वॉकर. टाइमपास म्हणून ऑफिसातल्या मित्राने हा गेम दिला. एक छोटं जहाज मिळतं आणि समोर अख्खं अंतराळ... जा कुठे जायचं तिथे. दोन आठवड्यांत मी पार वेडा झालो होतो.

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. स्मिता ऑफिसला. आई जेवून आत आडवी झाली होती. मी हॉलमध्ये हेडफोन लावून खेळत होतो. हौसेने फार लांब गेलो आणि इंधन संपत आलं. आठ दिवसांत शोधलेल्या ग्रहांची सगळी माहिती जहाजात. जहाज गेलं की तीही गेली. अलार्म वाजायला लागला.

"आईशप्पथ, गेलो," मी पुटपुटलो.

"कुठे जात नाहीस. आधी वेग निम्म्यावर आण."

उजव्या कानात. पुरुषाचा आवाज, वयस्कर, शांत. वाटलं कोणी दुसरा प्लेयर असेल, गेममध्ये बोलता येतं एकमेकांशी. मराठी माणूस भेटला म्हणून बरंच वाटलं.

"दादा, इंधन संपलंय. काय करू?"

"सगळेच तारे इंधन देत नाहीत. निघायच्या आधी नकाशात बघायचं असतं. बघितलंस?"

"नाही."

"नवीन माणसं हेच करतात. डावीकडचा पिवळा तारा देतो. कडेकडेने जा, पोटात शिरू नकोस. तापमान वाढलं की नाक फिरव."

मी तसंच केलं. स्क्रीनभर तो पेटलेला तारा, आणि इंधनाचा काटा खरंच वर सरकायला लागला. मी हसलोच. रडारवर त्याचं जहाज दिसतंय का बघितलं, तर रडार रिकामं.

"दादा, तुम्ही आहात कुठे?"

तो म्हणाला, "आता ऊठ."

"काय?"

"ऊठ. आत नळ वाहतोय."

मला काही कळेना. "दादा, आत्ता सोडलं तर जहाज जळेल माझं. दोन मिनिटं..."

"जळू दे!" हे तो जोरात बोलला. "ऊठ म्हणतो ना!"

मी हेडफोन काढले. आणि खरंच... बाथरूममधून नळाचा आवाज येत होता. दाराखालून पाणी पॅसेजमध्ये आलेलं. पाण्याला लालसर रंग.

"आई! ए आई!"

आतून कण्हल्यासारखा आवाज. दाराला आतून कडी. एक पाय धड नाही, दार ढकलायचं कसं? वॉकर टेकत मी समोरच्या राणेकाकांकडे गेलो, बेल बंद होती म्हणून दारावर थापा मारल्या. काका झोपेतून उठून बनियनवरच धावत आले. त्यांनी खांदा मारून कडी उखडली. आई कपडे खळबळायला गेली होती, तिथेच घसरून पडलेली. डोकं नळाच्या तोटीवर आपटलं होतं. तिला रक्त पातळ करायची गोळी चालू, त्यामुळे रक्त थांबेचना. काकांनी टॉवेल दाबून धरला आणि आम्ही टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं. नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

दुसऱ्या दिवशी स्मिता घरी आली ती वैतागूनच. "अजून वायफाय नाही? काल सकाळी लिफ्टवाल्यांनी केबल तोडली, ती कोणी जोडली नाही?"

"काल सकाळी?" मी विचारलं.

"सकाळीच. अख्ख्या मजल्याचं गेलंय."

मी गेम उघडून बघितला. आदल्या दिवशी मी ऑफलाइन खेळत होतो. सुरू करताना गेमने 'ऑफलाइन खेळायचं का' असं विचारलं असणार, मी न वाचता ओके दाबलं असणार. ऑफलाइनमध्ये दुसरा माणूस येऊच शकत नाही.

शेवटच्या काही मिनिटांची क्लिप मशीनमध्ये आपोआप सेव्ह झाली होती. ती लावली. अलार्म आहे. माझा आवाज आहे — "दादा, इंधन संपलंय. काय करू?" मग नुसती इंजिनाची घरघर. मग मीच — "नाही." परत घरघर.

म्हटलं, गोळ्यांची गुंगी असेल. ऑपरेशननंतर पेनकिलर चालू होत्याच. नळाचा आवाज हेडफोनमधून अर्धवट ऐकू आला असेल, बाकीचं डोक्याने रचलं. स्मितालाही हे पटलं. मीही पटवून घेतलं.

चौथ्या दिवशी आईला घरी आणलं. तिला पेज भरवत होतो. ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी भायर कोण इल्लो रे?"

"कधी?"

"मी पडलंय तेवा. तुका हाको मारून मारून दमलंय. मगे दारापलीकडसून कोणतरी बापयो बोललो, 'घाबरू नको मावशे, तेका उठवतंय.'"

"पुरुषाचा आवाज म्हणजे राणेकाका असतील," मी म्हटलं.

"राण्यांचो आवाज माका कळना नाय काय?"

चमचा माझ्या हातातच राहिला. गेममधल्या त्या आवाजाबद्दल आईला आम्ही एक अक्षर सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.

गुंगी मला होती. आईला नव्हती. ह्याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही... कोणाची चालत असेल तर खाली लिहा.