सासूबाईंची मिसरी
शेजारी कुणी तव्यावर तंबाखू भाजली की ठसका लागतो आणि सासूबाई आठवतात. त्यांच्या गालात आतून जखम झाली होती. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "औषध फुकट मिळेल, पण दाताला मिसरी लावणं तुम्हीच सोडायचं." घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभर भाज व माय, त्याबिगर मनी सकाय व्हत नही." मिसरीशिवाय त्यांची सकाळच होत नसे, आणि मोठ्यांना नाही म्हणणं मला जमत नसे, मी रोज भाजून दिली. जखम चिघळली. डॉक्टर ओरडले, "सरकारचं औषध वाया घालवलं! मिसरी कोण भाजून देतं?" माझी मान खाली गेली. सासूबाई सुजल्या तोंडाने म्हणाल्या, "मीच भाजस. तिले काही माहीत नही." बोलणी त्यांनी खाल्ली, आणि मी त्यांची पिशवी धरून गप्प उभी राहिले. त्या गेल्या, तरी खरं मी कुणालाच सांगितलं नाही.